अठरा जूनचा बोर्ड : कामाच्या नोंदी

२ मे

कालच्या बैठकीत एकदाचं ठरलं. वाचनालयाच्या दारासमोरच्या भिंतीवर आठ फूट बाय चार फुटांचा बोर्ड लावायचा आणि त्यावर एकाच तारखेच्या घटना मांडायच्या. तारीख १८ जून. ग्वाल्हेरात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी दर वर्षी मेळा भरतो, सगळं शहर लोटतं. पण बोर्डावर एकट्या राणीसाहेब नकोत, त्याच तारखेला इतर शतकांत काय घडलं तेही हवं, असा मी हट्ट धरला. तो मान्य झाला आणि काम साहजिकच माझ्या गळ्यात आलं.

मदतीला दोघं. एक आमचे काका, वय ८४, वाचनालयाचे सर्वांत जुने सभासद. दुसरी माझी भाची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

नियम एकच केला. कुठलीही नोंद दोन ठिकाणी सापडली पाहिजे, आणि त्या दोन्ही ठिकाणी एकमेकांचं बघून लिहिलेलं नसलं पाहिजे.

५ मे

भाचीने मोबाइलवरून यादी काढून आणली. साठाच्या वर घटना. लढाया, तह, जन्म, मृत्यू, कुठल्या तरी नट्यांचे वाढदिवस. दुपारभर पंख्याखाली बसून गाळणी केली. अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध पुकारलेलं १८१२ चं युद्ध, १९५३ साली इजिप्तचं प्रजासत्ताक होणं, १९७९ चा व्हिएन्नाचा शस्त्रकरार, हे सगळं खरं आहे, पण एकेका ओळीत आटपेल. मिल्खासिंग २०२१ साली याच दिवशी गेले, सरोदवादक अली अकबर खाँसाहेब २००९ साली. ही दोन नावं ठेवली. खाँसाहेबांना तानसेनाच्या गावात जागा नाही म्हणणं मला जमणार नाही.

मोठ्या चौकटी आठ ठरल्या.

९ मे

सर्वांत जुनी नोंद हळदीघाटीची, १५७६. एका बाजूला महाराणा प्रताप, दुसऱ्या बाजूला अकबराचं सैन्य घेऊन आलेला आमेरचा मानसिंह. ही लढाई मी शाळेत वीसेक वर्षं शिकवली. प्रतापांच्या बाजूने पडलेल्यांत ग्वाल्हेरचा राजा होता हे त्या वीस वर्षांत एकदाही वर्गात सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. आज ते वाचताना हातातला चहा निवून गेला.

रामशाह तोमर. किल्ल्यावर मानमंदिर उभं करणाऱ्या मानसिंह तोमरांचा नातू. वडील विक्रमादित्य १५२६ साली पानिपतावर इब्राहिम लोदीच्या बाजूने लढताना पडले. किल्ला हातचा गेलेला. रामशाहांनी तो परत मिळवायची धडपड केली, यश आलं नाही, मग ते मेवाडच्या आश्रयाला गेले. हळदीघाटीत ते स्वतः आणि शालिवाहन, भवानीसिंह, प्रतापसिंह हे त्यांचे तीन मुलगे एकाच दिवशी कामी आले. खमणोरला रक्ततलाई नावाच्या जागी तंवरांच्या, म्हणजे तोमरांच्याच, समाधीच्या छत्र्या आहेत. मुघलांकडून बदायुनी हा इतिहासकार त्या लढाईत हजर होता. समोरच्या पक्षाबद्दल त्याच्या मनात प्रेम असायचं कारण नव्हतं, तरी ग्वाल्हेरच्या या राजाने जे शौर्य दाखवलं ते सांगायला शब्द पुरत नाहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे.

आपल्या खिडकीतून मानमंदिराचे घुमट दिसतात. ज्याच्या आजोबांनी ते बांधले तो माणूस अरवलीच्या एका ओढ्याकाठी मुलांसकट संपला, आणि गावात त्याचं नाव कुणी घेत नाही. या चौकटीला मी दोन हात जास्त जागा देणार आहे. दोन्ही मानसिंह वेगळे हे मात्र बोर्डावर ठळक लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

१० मे

रात्री झोप लागेना म्हणून हळदीघाटीची तारीख परत तपासली. काही ठिकाणी १८ जून, काही ठिकाणी २१ जून. त्यातही एक मेख आहे. आज आपण वापरतो ते ग्रेगरियन कॅलेंडर १५८२ साली आलं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर धरला, मधले दहा दिवस वगळले. लढाई त्याआधी सहा वर्षं झालेली, म्हणजे आपण जी १८ जून म्हणतो ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या हिशेबाने तो दिवस २८ जून येतो.

‘एकच दिवस’ म्हणून आम्ही बोर्ड करतोय आणि पहिलीच घटना दुसऱ्या दिवशी जाऊन बसते. भाची म्हणाली, मग काढून टाकू. मी नाही म्हटलं. रामशाहांना आत्ता कुठे गावात आणलंय, पुन्हा बाहेर घालवणार नाही. चौकटीत खाली स्पष्ट लिहायचं: तारीख जुन्या कॅलेंडरप्रमाणे, काही ठिकाणी २१ जूनही मिळते.

१३ मे

दिवसभर लू, अंग भाजणारा गरम वारा. दुपारी वीज गेली ती सहाला आली. काम नाही.

१६ मे

वॉटर्लू, १८ जून १८१५, रविवार. इंग्रज सेनापती वेलिंग्टनकडून नेपोलियनचा शेवटचा पराभव. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. शेतात चिखल, तोफा हलेनात, म्हणून जमीन वाळायची वाट बघत नेपोलियनने हल्ला साडेअकराच्या सुमाराला सुरू केला. त्या उशिराने घात केला. दुपारनंतर वेलिंग्टनच्या मदतीला ब्ल्यूखरचं प्रशियन सैन्य येऊन पोचलं.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “वेलिंग्टनबद्दल लिहिणार असशील तर असईचं लिही. आमच्या लष्कर भागात त्याशिवाय वॉटर्लू अर्धंच.” अगदी खरं. वॉटर्लूचा वेलिंग्टन म्हणजे १८०३ चा आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला आताच्या जालना जिल्ह्यात असई गावापाशी त्याने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी लढाई दिली. वाटाड्ये सांगत होते की नदीला उतार नाही. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून त्याने ताडलं की उतार असणारच, आणि तिथून फौज पार केली. शिंद्यांच्या तोफखान्याने त्याची इतकी माणसं पाडली की पुढे म्हातारपणीही तो असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई म्हणत असे. वॉटर्लू जिंकल्यावरसुद्धा.

डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि काही वर्षांनी दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला कायमची छावणी टाकली. त्या छावणीचं लष्कर झालं, आणि त्याच लष्करातल्या एका गल्लीत बसून मी हे लिहितेय. काकांनी नुसतं ‘असई’ म्हटलं आणि बेल्जियममधली एक लढाई आपल्या महाराज बाडा चौकात येऊन उभी राहिली.

२१ मे

भाचीने यादीत एक विलक्षण गोष्ट शोधली. १८ जून १८५८. इकडे ग्वाल्हेरात राणीसाहेबांची चिता आणि तिकडे इंग्लंडात डाउन नावाच्या खेड्यात चार्ल्स डार्विनच्या हातात एक पाकीट. मलाया द्वीपसमूहातल्या टर्नाटी बेटावरून आल्फ्रेड वॉलेसने पाठवलेला निबंध होता तो. डार्विन वीस वर्षं ज्या कल्पनेवर काम करत होता तीच त्यात होती. त्याने त्याच दिवशी लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाला घाबऱ्याघुबऱ्या पत्र लिहिलं. १ जुलैला दोघांचं लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचलं गेलं.

पण नियम म्हणजे नियम. लायेलला लिहिलेल्या त्या पत्रावर नुसता ‘१८’ आहे, महिना नाही. जून हा अभ्यासकांनी मागच्या-पुढच्या पत्रांवरून बसवला आहे, आणि पाकीट त्याआधीच आलं असावं असंही काहींचं म्हणणं आहे. चौकट ठेवली, ‘महिना अनुमानाने’ हे शब्द घालून. आतापर्यंतच्या तीन मोठ्या चौकटींपैकी दोन शंकेच्या टिपेसह आहेत. काका कुरकुरले, की एवढ्या टिपा कोण वाचणार. मी गप्प बसले.

२४ मे

पहाटे साडेपाचला फूलबागेत गेले. ऊन चढायच्या आत समाधी नीट बघायची होती. लहानपणापासून शंभरदा तरी गेले असेन, पण वही घेऊन कधी गेले नव्हते. घोड्यावरचा पुतळा सगळ्यांना दिसतो. समाधीचा चौथरा त्याच्या मानाने लहान, सडा घातलेला होता, कुणीतरी चार मोगऱ्याच्या कळ्या ठेवलेल्या. झाडणारी बाई म्हणाली, रोज एक आजोबा ठेवून जातात.

तिथल्या बाकावर बसून घटनाक्रम लिहून काढला. झाशी एप्रिलमध्ये पडली. राणीसाहेब काल्पीला गेल्या, मे महिन्यात काल्पीही गेली. मग रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणीसाहेब ग्वाल्हेरवर आले. १ जूनला मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची फौज त्यांना सामोरी गेली आणि बहुतेक सगळी त्यांनाच जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्याला निघून गेले. इथल्या मराठी घरांत या वाक्याशी आवाज खाली येतो, आमच्या घरातही यायचा. बोर्डावर ते वाक्य जसंच्या तसं, साध्या शब्दांत यायला हवं.

१६ जूनला इंग्रज सेनापती सर ह्यू रोज मुरारला पोचला. दुसऱ्या बाजूने, कोटा की सराय इथे, ब्रिगेडियर स्मिथची तुकडी होती. राणीसाहेब त्या आघाडीवर होत्या. त्यांचा घोडा स्वर्णरेखा नाल्यापाशी अडला ही गोष्ट आम्ही सगळे ऐकत मोठे झालो. जखमी अवस्थेत त्यांना बाबा गंगादासांच्या मठाशी आणलं आणि तिथेच दहन झालं. मठातले साधू इंग्रजांना अडवताना मारले गेले. पुढे खुद्द रोजने लिहिलं की किल्ल्याच्या पायथ्याशी चिंचेच्या झाडाखाली त्याने राणीची रक्षा आणि अस्थी पाहिल्या.

परतताना नाल्याच्या पुलावर थांबले. पाणी जेमतेम, काळं. पुलाच्या कठड्याला हात लावला तर सकाळी सातलाच तो तापलेला होता. जूनमधल्या त्या दिवशी उन्हाने इंग्रजांचे सैनिक लढाईशिवायच कोसळत होते, असं त्यांच्याच कागदांत आहे. ह्यू रोजला स्वतःला मे महिन्यात कोंचच्या लढाईत ऊन लागून भोवळ आली होती. बोर्डावर हा उन्हाळा आला पाहिजे. ग्वाल्हेरच्या माणसाला बाकीचं काही न सांगता त्यातून ती लढाई कळेल.

२६ मे

आज काकांशी वाद झाला, चांगलाच.

मुद्दा असा. कोटा की सरायच्या लढाईत इंग्रजांच्या आठव्या हुसार्स घोडदळाच्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालं: कॅप्टन हेनेज, सार्जंट वॉर्ड, नालबंद हॉलिस आणि शिपाई पिअर्सन. सन्मानपत्रावर हल्ल्याची तारीख स्वच्छ छापलेली आहे, १७ जून १८५८. राणीसाहेब ज्या चकमकीत पडल्या ती हीच असेल तर बलिदानाची तारीख १७ येते. आपल्याकडे १८ मानतात. मेळाही दोन दिवस चालतो, जणू कुणाला तरी हे माहीतच होतं.

काका म्हणाले, “माझे आजोबा समाधीवर अठराला जायचे, वडील अठराला जायचे, मी अठराला जातो. तू कोण सतरा लिहिणारी?”

मी म्हटलं, “काका, मी अठरा खोडत नाहीये. सतरा का म्हणतात तेवढं सांगायचंय.”

“इंग्रजाच्या बिल्ल्यावरचं प्रमाण मानून?”

“त्यांनी त्यांच्या माणसांना बक्षीस देताना तारीख लिहिली, त्यात खोटं लिहायचं कारण काय?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग उठून म्हणाले, “तिथी बघ. त्या काळी आपल्या माणसांनी तारीख थोडीच लक्षात ठेवली असणार.” आणि मला ते आधी कसं सुचलं नाही याचं वाईट वाटलं. तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. तिथी मध्यरात्री बदलत नाही, चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की बदलते, दिवसा बदलेल, रात्री बदलेल. एक तिथी साधारण १९ ते २६ तासांची, म्हणजे ती बहुतेक वेळा दोन इंग्रजी तारखांवर पसरते. ज्यांनी सप्तमी लक्षात ठेवली त्यांच्या नातवंडांनी तिची तारीख करताना एक दिवस इकडे किंवा तिकडे होणं अगदी शक्य आहे.

काकांना एवढं पटलं. पूर्ण नाही, पण ‘१७/१८’ लिहायला हरकत नाही इतपत. जाताना म्हणाले, सप्तमीही लिही. लिहिणार आहेच. तिन्ही लिहिणार.

३१ मे

गोवा, १८ जून १९४६. असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीला आलेले डॉ. राममनोहर लोहिया मडगावात भर पावसात सभेला उभे राहिले. पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय सभेची बंदी होती. लोहियांना अटक झाली, पण लोकांची भीती मोडली. गोव्यात हा दिवस क्रांती दिन म्हणून पाळतात. मुक्ती यायला मात्र १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

ग्वाल्हेरचा धागा इथेही मिळाला. १९६२ च्या निवडणुकीत लोहियांनी विजयाराजे शिंद्यांसमोर सुक्खो राणी या सफाईचं काम करणाऱ्या बाईंना उभं केलं होतं. ते आठवणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काकांना आठवतं. सुक्खो राणी हरल्या, पण त्यांचं नाव बोर्डावर येणार.

४ जून

दोन चौकटी एका बैठकीत झाल्या, आणि त्या शेजारी-शेजारीच लावायच्या असं ठरवलं. १८ जून १९४० ला फ्रान्सचा पराभव दिसत असताना जनरल द गॉल यांनी लंडनहून बीबीसीवरून लढा चालू ठेवायची हाक दिली. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण उरलेलं नाही. आज ऐकवतात ते चार दिवसांनंतरच्या, २२ जूनच्या भाषणाचं.

१८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिंबाब्वेसमोर भारत पाच बाद १७. कपिल देव यांनी १३८ चेंडूंत नाबाद १७५ केल्या, किरमाणींबरोबर नवव्या जोडीने नाबाद १२६ जोडल्या, ६० षटकांत आठ बाद २६६, आणि ३१ धावांनी सामना जिंकला. बीबीसीचे कॅमेरे त्या मैदानावर नव्हते. त्या खेळीचं चित्रण नाही. सात दिवसांनी आपण विश्वचषक जिंकला.

काकांनी दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र आठवून सांगितलं. शेजाऱ्यांकडून मागून आणलं होतं, धावफलक तीन वेळा वाचला, छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. सांगताना त्यांच्या हाताची बोटं हवेत चेंडू तडकावत होती. हे मी कुठल्या चौकटीत बसवू? भाचीने मोबाइलवर त्यांचा आवाज मुद्रित करून घेतला. तिला मी सांगितलं नव्हतं.

आठवी चौकट सॅली राइडची. त्याच १८ जून १९८३ ला, आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजले असताना, चॅलेंजर यानातून पहिली अमेरिकी स्त्री अंतराळात गेली. सोव्हिएत रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा त्याआधी वीस वर्षं गेली होती, आणि १९६३ च्या १८ जूनलाही ती कक्षेतच होती. दोघींची नावं एकत्र.

९ जून

पेंटर आला. फ्लेक्स करा, स्वस्त पडेल, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. पण हाताने रंगवलेली अक्षरं लोक थांबून वाचतात. प्लायला लांबी भरून, घासून, त्यावर फिकट पिवळा हात आधीच दिला होता. आज त्याने सुतळीला खडूची पूड लावली, एक टोक भाचीने धरलं, एक त्याने, आणि मधे चिमटीत उचलून सोडली. टण्ण. बोर्डावर सरळ पांढरी रेघ. अशा चौतीस रेघा. मग पेन्सिलीने अक्षरांची मापं, मग दोन नंबरचा ब्रश.

त्याला मराठी वाचता येतं, कारण लिपी तीच, पण ‘ळ’ त्याने आधी कधी काढला नव्हता. हळदीघाटीचा ‘ळ’ त्याने कागदावर दहा-बारा वेळा गिरवला आणि मग बोर्डावर असा काढला की बघत राहावं.

राणीसाहेबांच्या चौकटीपाशी थांबला. “दीदी, सत्रह लिखूँ कि अठारह?”

माझ्या कागदावर ‘१७/१८’ होतं, तरी त्याने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, ब्रश झटकला, आणि दोन्ही आकडे सारख्या उंचीचे काढले. मधली तिरकी रेघ अगदी बारीक.

१३ जून

घटनांच्या छोट्या माहितीचे कागद बाहेरून छापून आणले होते. घरी येऊन बघितलं तर हळदीघाटी १५६७. आकडे उलटे पडलेले. अठ्ठावीस प्रती. दुकानदाराने माफी मागितली, पुन्हा छापायला दोन दिवस मागितले. रद्द झालेल्या सगळ्या प्रती मी परत घेतल्या, फाडल्या. चुकीचं साल एकदा बाहेर गेलं की ते कुठल्या पोराच्या वहीत जाऊन बसेल सांगता येत नाही.

१७ जून

संध्याकाळी बोर्ड चढवला. चार माणसं लागली. सुताराने खाली लाकडी पट्टी ठोकली आणि शेवटची सहा इंच जागा मुद्दाम मोकळी ठेवली, कुणी दुरुस्ती सुचवली तर चिठ्ठी लावायला.

काका आले, काठीने एकेक चौकट दाखवत वाचत गेले. राणीसाहेबांपाशी पोचल्यावर खिशातून रुमाल काढून त्यात बांधलेल्या मोगऱ्याच्या कळ्या पट्टीवर ठेवल्या. रोज समाधीवर ठेवून जाणारे आजोबा कोण, ते मला आज कळलं.

म्हणाले, “आज सतरा आहे ना? ठेवल्या. उद्या पुन्हा ठेवीन.”

१९ जून

काल दिवसभर गर्दी. मोकळ्या जागेत दोन चिठ्ठ्या आल्या. एका मुलीने लिहिलंय की सुक्खो राणींबद्दल तिच्या आजीला माहिती आहे, घरी या. दुसऱ्या चिठ्ठीत कुणीतरी विचारलंय, रामशाहांच्या छत्रीचा फोटो का नाही?

उद्याची कामं: आजींकडे भाचीबरोबर जायचं, मोबाइल पूर्ण चार्ज करून. खमणोरला जाणारं कुणी आहे का ते विचारायचं. सॅली राइडच्या चौकटीतली वेलांटी पेंटरकडून नीट करून घ्यायची.